बेंबी खोटं बोलत नाही

हेमराज गायधनी, मुक्काम पळसे.
माझ्याकडं एक पुठ्ठ्याची वही आहे,
तिच्यात माझे गुण, सामन्यागणिक :
बत्तीस, अठ्ठावीस, एकतीस.
आणि तुझ्या कॉलेजशी खेळलो त्या तारखांना
नऊ. सात. एकदा चार.
बायको ती रद्दीत घालते, मी परत काढतो.

तू बॉलकडं बघायचाच नाहीस.
मी खांदा पाडावा, डोळे फिरवावेत,
मान एकीकडं आणि पाय दुसरीकडं,
तू आपला माझ्या पोटाकडं बघत उभा,
खानावळीतल्या वाढप्यासारखा.
पुढं कधीतरी कटिंग पिताना सांगितलंस :
डोळे खोटं बोलतात, खांदे तर बोलतातच,
बेंबी खोटं बोलत नाही गड्या.
बेंबी जाईल तिकडंच माणूस जातो.

तुझा वास मला पाठ आहे.
निलगिरीचं तेल, एसटीचं डिझेल,
आणि निफाडकडून वारा सुटला की
एकावर एक घातलेल्या दोन बनियनचा शिळा घाम.
बस चुकली तर सायकलनं यायचास
सिन्नर फाट्यापर्यंत ट्रकची साखळी धरून,
आणि आल्या आल्या गुडघे दुमडून,
ढुंगण खाली, हात पसरून,
जणू कुणाची तरी कोंबडी सुटलीय.
लोक हसायचे. मीही हसायचो,
पहिली पाच मिनिटं.

एकदा माझं कोपर तुझ्या भुवईवर बसलं.
सिव्हिलमध्ये चार टाके.
मी बाकड्यावर, हातात तुझे बूट.
डॉक्टर सुई ओवतायत आणि तू मला म्हणतोस,
माझे पाय आधी रोवलेले होते. फाऊल तुझा.

होता.

मग सातपूरचा कारखाना, दोघांना एकच जर्सी.
तेव्हा पहिल्यांदा तुझी पाठ पाहिली मी,
त्याआधी तू ती कधी दाखवलीच नव्हतीस.
वाटलं, सुटलो.
पण शिफ्ट संपल्यावर कॅंटीनमागच्या सिमेंटवर
ट्यूबलाइटच्या उजेडात सरावाला
समोर पुन्हा तूच.

लीगवाले आले ते मला बघायला.
पुण्याहून, पांढऱ्या गाडीतून, बगलेत फायली.
साहेबांनी आमच्यातच दोन संघ पाडले
आणि तुला माझ्यावर सोडलं.
आज जरा हळू, असं मी म्हणालो नाही.
म्हणालो असतो तर तू ऐकलं असतंस का,
हे बावीस वर्षांत विचारलेलं नाही.
सहा गुण झाले माझे.
त्यांनी तुला नेलं.

एक हंगाम. अकरा सामने.
तुझ्या हातून जाळीत गेले ते एकूण तीन,
त्यातला एक पास होता, चुकून गेला.
पेपरात नाव नाही. एक फोटो आला,
त्यात बॉल फेकणाऱ्याच्या तोंडापुढं नुसता एक पंजा.
मी ओळखला. करंगळी वाकडी,
माझ्याच बॉलनं मोडलेली.
मग लीग बुडाली, दोन महिन्यांचे चेक परत आले,
आणि तुझ्या जागी कारखान्यात दुसरा लागला होता.
मी कायम झालो होतो. खेळाडू म्हणून.

परवा आडगावला लॉन्सवरच्या लग्नात दिसलास.
पोट सुटलंय. जेल रोडला पोरांना शिकवतोस म्हणे,
पहिला महिना बॉलच देत नाहीस,
आया भांडायला येतात.
मी ताट घेऊन मठ्ठ्याकडं निघालो, तू समोरून.
मी डावीकडं सरकलो, तू तिकडंच.
मी उजवीकडं, तूही.
मागं रांग तुंबली, कुणीतरी "अहो काका" म्हणालं.
तुझी नजर माझ्या शर्टाच्या
खालून दुसऱ्या बटणावर.
मी खांदा पाडून पाहिला.

तोवर मठ्ठा संपला.