एकोण

हौकिनिएमीत दुकान एकच.
बाहेर उणे साडेतेवीस,
ऐला पाटीवर लिहिते: उणे चोवीस.
अर्ध्या अंशासाठी खडू कोण झिजवणार?

दहाच्या सुमाराला आर्वो काल्लुंकी येतो,
बुटांवरचा बर्फ दारातच आपटून.
तिकडच्या भाषेत आर्वो म्हणजे किंमत.
आईबापांनी विचार करून ठेवलं असेल नाव,
नाहीतर कुणा काकाचं उरलेलं खपवलं असेल.

एक आणि दोन सेंटची नाणी
त्या देशात गल्ल्यात कुणी ठेवत नाही.
रोख देणाऱ्याचा आकडा
जवळच्या पाचावर नेऊन बसवतात.
शेवटी दोन आले तर खाली, तीन आले तर वर,
सात घसरतो पाचावर, आठ चढतो दहावर.
आर्वोला गणित येतं ते एवढंच,
आणि ते तो पुरेपूर वसूल करतो.

राईचा पाव, खारवलेला मासा, कॉफी.
ओठांतल्या ओठांत बेरीज.
शेपटाला चार आले?
मग मासा परत जागेवर,
काडेपेटी उचल, यीस्टची वडी उचल,
दोन किंवा सात लागेपर्यंत
त्याची फडताळापासून फडताळापर्यंत येरझार.
"नऊ बेचाळीस," ऐला म्हणते.
"नऊ चाळीस," आर्वो म्हणतो,
आणि टोपी कानांवर ओढून
लढाई मारल्यासारखा निघतो.
घरी यीस्टच्या वड्यांची रास पडली आहे.
पाव त्याने जन्मात भाजलेला नाही.

एकदा गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा
ऐलाने पावतीच्या पाठीवर मांडून पाहिलं.
रोजचे दोन, वर्षाचे तीनशे दिवस, अकरा वर्षं.
सहासष्ट युरो.
जवळच्या दशकात सत्तर.
जवळच्या शतकात शंभर.
जवळच्या हजारात मात्र
आर्वोने आयुष्यात काही शिल्लक टाकलेलंच नाही.
पावती तिने चुरगळली,
पण टोपलीत टाकली नाही.

पालिकेच्या तक्त्यात
गावांची लोकसंख्या जवळच्या शंभरात छापतात.
हौकिनिएमीत माणसं पन्नास,
आणि बरोबर निम्म्याला वरचा मान,
म्हणून तक्त्यात शंभर.
त्या शंभरावर गुरुवारची बस येत होती,
पुस्तकांची गाडी येत होती,
दुकानाच्या भाड्यात सवलत मिळत होती.
पन्नास माणसं, आणि नसलेली पन्नास
त्यांच्या शेजारी मुकाट बसलेली.

फेब्रुवारीत आर्वो
तळ्याच्या बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसला,
तो बसल्या जागीच.
शेजारच्या पिर्क्कोला सापडला तेव्हा
बादलीत दोन मासे होते.
दोनच, त्याच्या हिशेबाने
खाली सोडून देण्याजोगे.

आपल्या मराठीत एक विचित्र सोय आहे.
एकूण म्हणजे सगळे मिळून,
एकोण म्हणजे एक कमी.
मध्ये फक्त एका स्वराचा फरक.
एकूण पन्नास, एकोणपन्नास.
ऐलाला मराठी येत नाही,
पण मार्चमध्ये तक्ता आला
तेव्हा तिला कळायचं ते कळलं:
हौकिनिएमी, शून्य.

ती शून्यात उभी राहून
अंडी मोजत होती.
बारा, चोवीस, एक फुटलेलं.
खिडकीबाहेर एकोणपन्नास माणसांपैकी
कुणीतरी बर्फ उपसत होतं,
फावड्याचा आवाज पुरता येत होता,
त्यात काहीही कमी नव्हतं.

अंत्यविधीची कॉफी घ्यायला
आर्वोचा भाचा औलूहून आला.
कॉफी, साखर, दालचिनीची बिस्किटं, मेणबत्त्या.
"एकसष्ट बेचाळीस," ऐला म्हणाली
आणि सवयीने थांबली.
भाच्याने कार्ड टेकवलं.
कार्डाला वर-खाली काही नसतं,
जेवढे तेवढे जातात.
यंत्राने एकसष्ट बेचाळीस घेतले
आणि हिरवा दिवा दाखवला.

ऐलाचा हात गल्ल्यापाशी
तसाच थोडा वेळ,
दोन सेंटांएवढा.