घुडे स्टॉप

रहाटाघरहून सव्वासहाची कारवांचीवाडी.
मागच्या सीटखाली शमीमची पाटी,
बांगडे कधीच संपले, पाणी अजून ठिबकतंय
माझ्या चपलेपर्यंत.

मारुती मंदिरला अर्धी गाडी रिकामी.
कंडक्टर चिल्लर मोजता मोजता ओरडतो,
घुडे स्टॉप आहे का कोणी?

कोण हो हे घुडे?
सोडा-लेमनचं दुकान होतं, शमीम म्हणते.
छ्या, दुकान कसलं! ड्रायव्हर आरशातून बघतो,
वळणावर उभा राहून रोज हात करायचा म्हातारा,
स्टॉप नव्हता तरी.

आता तिथं जांभा खणून ठेवलाय.
सातव्या मजल्यावरून समुद्र दिसणार म्हणे.

मी त्याच्याही पुढे उतरते,
काजूच्या बंद कारखान्यापाशी,
जिथं स्टॉप नाहीच.
बेल मारायला उठते,
तोवर गाडी हळू झालेली असते.