दळण

धुळ्याहून पट्टा घेऊन आलो, रात्रीच्या शेवटच्या एसटीने,
तर गिरणीच्या भिंतीवर पंखा.
तीन पात्यांचा, निळा, अजून ओला.
खाली हिरामणआबांचं नाव मोठं,
उभी होती ती त्यांची बायको, तिचं बारीक,
आणि 'आपला' हा शब्द दोनदा.

कोणी विचारलं नव्हतं.
विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो का,
हेही नीट सांगता येत नाही.
आबांच्या घरचे आठवड्याला चार डबे,
आणि आबांचा पुतण्या वीज मंडळात.

बायकोने बोट लावून बघितलं,
"सुकायच्या आत पुसा."
पुसलं असतं तर पुसणारा झालो असतो.
राहू दिलं, तर राहू देणारा झालो.

वीस दिवस धंदा मात्र बरा चालला.
अमळनेरात रोज कुठेतरी वरण-बट्टी,
पोत्यानं गहू यायचा, त्यात मका,
बट्टीचं पीठ रवाळ लागतं, हाताला टोचेल असं.
शिट्टीवाले रोख देऊन गेले.
आबांचे लोक म्हणाले, लिहून ठेव,
निकालानंतर एकदम.

निकाल एक्केचाळीस मतांचा.
भटूनानांची सून निवडून आली,
हार नानांच्या गळ्यात.
मिरवणूक माझ्या दारासमोर जरा जास्तच थांबली,
पोरांनी गाल फुगवून शिट्ट्या मारल्या,
गुलाल उडाला तो थेट आत.
कोकिळावहिनींची ज्वारी त्या दिवशी गुलाबी दळली गेली.
त्यांना मी बदली पीठ दिलं, घरचं.

मत गुप्त असतं.
पुठ्ठ्याच्या आड एक बोट, एक बटण,
बाहेर येऊन शाई दाखवायची, बाकी काही नाही.
दळण गुप्त नसतं.
डबा डोक्यावर असतो, सायकलच्या कॅरिअरला असतो,
गल्लीच्या तोंडाशी कोण कुठे वळलं
ते ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना दिसतं.
माझे डबे बोरीचा पूल ओलांडून
पैलाडच्या गिरणीला जायला लागले.
दोन किलोच्या बेसनासाठी माणसं नदी ओलांडत होती.

मी मत शिट्टीला दिलं होतं.
हे आता कोणाला सांगू?
आबांची वही अजून माझ्याकडे आहे,
सत्तावीसशे चाळीस रुपये.
मागायला गेलो तर आबा म्हणाले,
"हरलेल्या माणसाच्या दारात येतोस, निंबा?"

मग नगरपालिकेची नोटीस:
ओटा दीड फूट पुढे.
शेजारच्या धुडकूशेठचा अडीच फूट आहे.
धुडकूशेठला शिट्टी चांगली वाजवता येते.

दिवाळी गेली. एकदा दिवेलागणीला,
शटर अर्धं खाली ओढलेलं,
तर खालून आधी डबा सरकला आत,
मग वाकून म्हातारी.
नानांची आई.
"पैलाडना पीठले चव नही, भो.
कळणा शे. जाडं दळ जरासं."

हॉपरमध्ये धान्य ओतायच्या आधी मी थांबलो.
दगडात मागच्याचं थोडं राहतंच,
झटकलं तरी राहतं,
पहिली मूठ नेहमी दुसऱ्याच्या घरची.
"मावशी, आधीचं दळण आबांचं होतं."

तिने डबा खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकला.
"बाजरी शे ना?"
"हो."
"चाली."

पट्टा फिरला, दिवा जरासा मंद झाला,
पीठ ऊन ऊन पडायला लागलं.
तिने चिमूट घेऊन दोन बोटांत चोळली,
कनवटीचे पैसे मोजून दिले, एक रुपयाही कमी नाही,
आणि जाताना म्हणाली, "कोनले सांगू नको."

भिंतीला मी दोनदा चुना मारला आहे.
हवा दमट झाली की
पंखा पुन्हा दिसतो,
एक पातं आधी, मग दुसरं.