पोडियम, तिसरा मजला

रॉटरडॅमहून आलेल्या चित्रात ऊन होतं,
पण कोवळं, तिरकं,
शेवाळी काचेवर बेतानं सांडलेलं.
लोअर परळच्या आमच्या ऑफिसात मी त्यावर
छज्जे काढले, सहाशे मिलिमीटरचे,
निदान पश्चिमेला तरी असावेत म्हणून.
मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, म्हाडा वाटतंय.
सगळे हसले. मीही.
संध्याकाळी छज्ज्यांची लेअर बंद केली;
एका क्लिकवर बेचाळीस मजल्यांची सावली गेली.

मग कळलं, परंपरा हवी आहे.
ब्रोशरच्या चौथ्या पानावर, थोडीशी.
खालच्या सहा मजल्यांवर गाड्या राहणार,
त्या झाकायला जाळी:
आठ पाकळ्यांची, ॲल्युमिनियमची,
फोशानला कापून कंटेनरनं न्हावाशेव्याला.
नक्षीची फाइल होतीच आमच्याकडे.
कुणी, कुठल्या मशिदीवरून की मकबऱ्यावरून
उतरवली, ठाऊक नाही. नाव नुसतं जाळी_०४.

हणमंतू पाथरूट, साइटवरचा मुकादम,
पहिला पत्रा एका हातानं उचलून म्हणाला,
"हलकीय की ओ मॅडम!
आज्यानं देवळाला एक झरोका केलता दगडात.
अख्खा उन्हाळा गेला. दोन बोटंबी गेली."
पत्रा भिंतीला टेकवला.
"हे बरंय."
मी वहीत लिहून घेतलं: स्क्रू, स्टेनलेस.

ओसीनंतर मे महिन्यात गेले, गळतीची तक्रार होती.
वर सगळीकडे पडदे ओढलेले, एसी घुरघुरत,
काचेला हात लावला तर चटका.
आणि तिसऱ्या पार्किंगला, भर दुपारी,
ड्रायव्हर झोपलेले, जाळीलगत, पुठ्ठ्यांवर,
बूट उशाशी.
समुद्राचा वारा भोकांतून बारीक होऊन
त्यांच्यावरून जात होता.
आठ पाकळ्यांचं ऊन एकाच्या गणवेशावर,
एकाच्या उघड्या तळव्यावर सरकत.
नक्षीत खोचून कुणाचा तरी टॉवेल वाळत.
मी चपला काढाव्यात की काय, असं क्षणभर झालं.

काल सोसायटीचा मेल आला:
जाळीमागे पॉलिकार्बोनेट लावा, धूळ येते,
शिवाय बाहेरून माणसं दिसतात.

ड्रॉइंग उघडून बसलेय. रिव्हिजन सात.
शीट जाळीपासून किती मागे,
ते कुणी लिहिलेलं नाही.
रेघ ओढत नेते: शंभर, तीनशे,
साडेचारशे,
सहाशेवर थांबते.
एक माणूस कुशीवर मावेल.