मानमोडी

परभणीच्या कॉलेजात पेपरात मी राणीखेत लिहिलं,
पुरे मार्क मिळाले.
गावात तिला मानमोडी म्हणत.
कोंबडी मान पिरगाळून आभाळाकडे बघते,
स्वतःभोवती फिरते, मग बसते ती उठत नाही.
हे नाव ठेवणाऱ्यानं जवळून पाहिलं असणार.

इब्रीच्या अलीकडे, डोंगर संपून वाळू लागते तिथं
चार शेड.
पहिल्यात लस क, पाण्यातून.
दुसऱ्यात लस ख, पाण्यातून.
तिसऱ्यात ख, पण डोळ्यात थेंब.
चौथ्यात दोनशे तलंगा आणि काहीच नाही.

दोन्ही लशी जिवंत, म्हणजे रोगच,
जोर काढून घेतलेला.
मालक सुलेमान विचारतो, मेलेली मिळत नाही का?
मिळते. ती एकेकीला टोचावी लागते,
माणसं किती आहेत तुझ्याकडे?
तो गप्प. पाच आहेत.

पुस्तकात आहे, आधी दोन तास पाणी तोडा.
पुस्तक थंड देशात लिहिलेलं.
इथं पाऊण तासात चोची उघड्या पडतात,
म्हणून पहाटे तीनला उठायचं.
टँकरच्या पाण्यातलं क्लोरीन लशीलाच मारतं,
त्यावर उतारा दुधाची पावडर.
दिलबहादूर पिंप ढवळतो,
एक चमचा स्वतःच्या चहात टाकतो.
मी पाहिलं नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

चौथ्या रात्री पंखे बंद केले, एकच मिनिट,
त्याहून जास्त केले तर त्या उकडून मरतील.
अंधारात उभं राहून शिंका मोजायच्या,
रय्या डावीकडच्या, मी उजवीकडच्या.
क : अकरा.
ख : चौतीस.
डोळ्यातली ख : एकोणतीस.
जी लस जास्त शिकवते ती जास्त खोकवते,
यात नवीन काही नाही.
चौथ्या शेडमध्ये एकही शिंक नव्हती.
मिनिट संपलं, रय्यानं बटणावर हात ठेवला,
मी म्हटलं, थांब जरा.
इतकी निरोगी शांतता मला आवडली नाही.

एकविसाव्या दिवशी पंखाखालच्या शिरेतून रक्त.
प्लेटमध्ये शहाण्णव खळगे,
प्रत्येकाच्या तळाशी लाल टिकली, किंवा नुसता पसारा.
प्लेट तिरकी केली की टिकलीला ओघळ फुटतो,
जिथवर ओघळ, तिथवर कोंबडी सुरक्षित.
क : पाच, बहुतेक सगळ्या.
डोळ्यातली ख : सात, सात, सात, एखादी आठ.
पाण्यातली ख : आठ, सात, आठ, आणि मग
दोन. एक. दोन.

मी लशीवर शंका घेतली, फ्रिजवर घेतली,
मस्कतहून आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरवरही घेतली.
शेवटी नळीच्या कडेनं चालत गेले.
दोनवाल्या सगळ्या टोकाला राहणाऱ्या.
टोकाच्या नळीत आदल्या दिवसाचं पाणी उभं होतं,
क्लोरीनसकट.
टोक उघडून ते काढायचं राहिलं, मॅडम,
दिलबहादूर वाळूकडे बघत म्हणाला,
त्या पहाटे मी एकटाच होतो.
बाकीचे चौघं खाद्याच्या गाडीवर, मान मोडून.

तर अहवालात काय लिहू?
क सौम्य आहे. ख पक्की आहे.
नळी लांब आहे.
सुलेमानला एका शब्दात उत्तर हवं होतं,
मी दीड पान दिलं. त्यानं घडी घालून खिशात ठेवलं.

चौथ्या शेडचे आकडे शून्य.
अंड्यातून, आईकडून आलेलं थोडं होतं सुरुवातीला,
तीनेक आठवडे पुरलं.

शेवटचं रक्त काढून झाल्यावर, अहवालाच्या बाहेर,
आम्ही दोघं त्या शेडमध्ये बसलो.
तो एकेक पकडून देतो,
मी एक थेंब सोडते.
डोळा मिटेपर्यंत हातातून सोडायचं नाही.
काही लगेच मिटतात.
काही बघत राहतात बराच वेळ,
थेंब तसाच डोळ्यावर, त्यात वरचा दिवा,
आणि अजून एकशे चाळीस बाकी.