सातव्या पडद्यापर्यंत

माझा डावा हात बघा.
खाण बंद झाली त्याला चाळीस वर्षं होत आली,
फावड्याचे घट्टे केव्हाच गेले.
बोटांच्या टोकांवरचे राहिले.

तारा मी बदलत नाही. जाड, सपाट वेटोळ्याच्या,
शेवटच्या बदलल्या तेव्हा ईर्लिसच्या पोटात धाकटी होती.
धाकटीला आता चाळिशी लागली.
दुकानातली पोरं म्हणतात, काका, आवाज मेलाय हिचा.
मेला नाही रे, निवलाय.
राग निवतो तसा.

इड्वल ड्रम वाजवायचा.
त्याचा उजवा पाय आणि माझा अंगठा
यांचं लग्न माझ्या लग्नाच्या आधीचं.
बोलणं फारसं नसे.
तो पाय उशिरा टाकायचा, केसभर,
आणि मी त्या केसावर बसायचो.
पुढे गाणारे काय करत, मला विचारू नका,
मी आयुष्यभर त्यांच्या बुटांच्या टाचा बघितल्या.

अ‍ॅम्पबद्दल तर नकोच.
पंचेचाळीस किलो, आत काचेचे दिवे,
ट्रेओर्कीच्या क्लबचा जिना बाहेरून, लोखंडी,
एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला इड्वल आणि त्याच्या शिव्या.
धापा टाकत वर पोचावं तर बिंगो चालू.
आकडे संपेपर्यंत हूं की चूं नाही.
आता इफान येतो, बोटाला अ‍ॅम्प अडकवून,
जेवणाच्या डब्याएवढा. आवाज दुप्पट.
मला हेवा वाटतो. माझ्या कण्याला जास्त.

चांगली बास मी संपात विकली. नवव्या महिन्यात.
चेरीच्या रंगाची,
बोट ठेवलं की स्वर आपला आपण उठून बसायचा.
दोनशे दहा पौंड आले:
वीजबिल, मुलांचे बूट,
आणि नाताळची एक टर्की, जी आतून कच्चीच राहिली.

मग संपकऱ्यांच्या मदतीचे कार्यक्रम
इड्वलच्या मेव्हण्याच्या प्लायवुडी बासवर केले.
मान अशी वाकलेली की तिने बाण सोडावा.
सातव्या पडद्यापुढे सूर लागायचाच नाही,
म्हणून मी सातव्यापुढे गेलो नाही.
चार सुरांत अख्खी रात्र निघते,
मधली जागा नीट झाडून ठेवली तर.
मेव्हण्याने ती कधी परत मागितली नाही.
तीच वाजवतो अजून.

गेल्या वर्षी कानाच्या मशीनसाठी कार्डिफला गेलो,
तर दुकानाच्या काचेत चेरी रंग.
आधी किंमत दिसली. चार हजार सातशे.
मग पाठीवरचा ओरखडा, पट्ट्याच्या बक्कलाचा,
पट्टा माझाच, अजूनही कमरेला होता.
पोरगा म्हणाला, बघा वाजवून, पण जपून हं, जुनी आहे.

मांडीवर घेतली. हलकी वाटली.
कुणीतरी पडदे नवे बसवलेले, तारा चकचकीत,
एकेक स्वर
वर्गातल्या हुशार पोरासारखा हात वर करत होता.
माझा हात सातव्यापाशी थांबला.
तिथून पुढे सगळं सुरात असणार, ठाऊक आहे मला,
एके काळी जायचो की मी तिकडे.

कशी वाटली? पोराने विचारलं.
म्हटलं, मान सरळ आहे.
आणि दोन्ही हातांनी परत दिली,
शेजाऱ्यांचं तान्हं मूल द्यावं तशी.

इड्वल मार्चमध्ये गेला.
त्याच्या जागी आता नेरिस बसते, वय बावीस,
पाय अगदी वेळेवर टाकते, घड्याळाने शिकावं तिच्याकडून.
मी अजून केसभर थांबतो.
ती चमकून माझ्याकडे बघते.
बघू दे.