बत्तीस मिनिटं

पहिल्या शिबिराला सहा जण आले.
त्यातले चार आमचेच,
पाचवा पत्ता विचारायला,
सहावीनं सँडविच घेतलं, दंडही पुढे केला,
आणि पट्टा फुगायला लागताच म्हणाली, "माझी बस."

तीन भाषांतली पत्रकं गठ्ठ्यानं उरली.
लॅपटॉपवर पॅटर्सनचा नकाशा,
नदीच्या या अंगाला गडद लाल.
साहेब म्हणाले, हे लोक येतच नाहीत.
मीही मान डोलावली. खोटं कशाला सांगू.

आल्ताग्रासियाच्या लाँड्रीत
पत्रक चिकटवायला गेले,
तर ती नाणी मोजता मोजता म्हणाली,
"भिंत घे. पण तू कपडे कुठे धुतेस?"
घरी, म्हटलं.
"मग तुला काय ठाऊक
इथे माणूस किती वेळ रिकामा बसतो."

बत्तीस मिनिटं. ड्रायरची वेगळी.

पुढच्या मंगळवारी चादरी घेऊन गेले.
बसले. कुणाला काही विचारलं नाही.
काचेआड फेस चढत होता, उतरत होता,
आणि आठवली इचलकरंजीतली आमची गल्ली,
मागांच्या खडखडाटावरून ओरडून बोलणारे बाबा.
(इथेही गिरण्या होत्या म्हणे, रेशमाच्या.)
रात्रपाळी करून आले की कपाळाला बाम.
दवाखाना उघडायचा तेव्हा ते झोपलेले,
ते उठायचे तेव्हा त्याला कुलूप.
तेही "येतच नाहीत" मधलेच.

मग सिल्हेटच्या रोशनारा खालांनी बजावलं,
पुरुषांसमोर बाह्या वर करायच्या नाहीत बायका.
साबणाच्या मशीनमागे पडदा लागला,
त्यांच्याच जुन्या साडीचा, किरमिजी.
डीकन गॅस्किन्सनी चर्चमधून दोन खुर्च्या दिल्या
आणि एक अट घातली:
आमचे आकडे आधी आम्हाला, मग तुमच्या ऑफिसला.
त्या एका वाक्यावर
ऑफिसात दोन महिने बैठका झाल्या.
खुर्च्या तोवर लाँड्रीतच.
त्यांवर लोक घड्या घालत होते.

आल्ताग्रासियाला पट्टा बांधायला मीच शिकवलं.
सरावाला दंड हवा होता, माझाच दिला.
तिनं आकडा वाचला. पुन्हा वाचला.
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
एकशे अडुसष्ट, खाली एकशे दोन.
"मशीन बिघडलंय," मी म्हणाले.
"सगळे हेच म्हणतात,"
माझ्याकडूनच उचललेल्या आवाजात ती म्हणाली,
"पाय जमिनीवर टेक. बोलू नकोस.
पाच मिनिटांनी परत बघू."

गप्प बसले.
पडद्यापलीकडे खाला कुणाला तरी
मीठ कमी करायचं सोडून बाकी सगळं सांगत होत्या.
ड्रायरमध्ये कुणाच्या शर्टाची बटणं
काचेवर आपटत होती,
कसल्याच तालात नाही.